आवाज बंद करायचं बटण

माझं माहेर साखरशेतचं, सासर जव्हारचं. मोखाड्याच्या पुढे, घाट उतरून गेल्यावर लागणाऱ्या भोकरीच्या पाड्यावरच्या शाळेत मी सहा वर्षं शिकवलं. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी गुरुजींकडे आणि तिसरी-चौथी माझ्याकडे. रोज सकाळी जव्हारहून मोखाड्यापर्यंत एसटी, तिथून जीप आणि शेवटचा अर्धा तास पायी. संध्याकाळी तोच रस्ता उलटा.

शेवटचा तास वाचनाचा असायचा. शाळेत पत्र्याची एक पेटी होती, त्यात साठेक गोष्टींची पुस्तकं. मुलं गोल बसायची आणि एकेकाने चार ओळी मोठ्याने वाचायच्या. हे सांगायला सोपं, करायला फार जड. पाड्यावर घरात बोलतात ती भाषा वेगळी, पुस्तकातली वेगळी. 'पोहोचला' या एका शब्दावर तिसरीतला काळ्या आठवडाभर अडून होता. तो अडला की मी थांबायचे, अक्षरांवर बोट ठेवायचे, पुन्हा वाचून घ्यायचे. एका मुलाच्या चार ओळींना दहा मिनिटं जायची. तास संपेपर्यंत माझा घसा बसायचा. पण वर्षाच्या शेवटी पोरं वाचायला लागायची, एवढं खरं.

२००४ च्या जुलैत ठाण्याच्या एका संस्थेने शाळेला एक संगणक दिला आणि गोष्टींच्या आठ सीडी दिल्या. घेऊन आला तो भावेश नावाचा तरुण. 'बोलकी पुस्तकं' म्हणायचा तो त्यांना. पडद्यावर पुस्तकाचं पान उघडायचं, खाली मजकूर, वर चित्र. बाण दाबला की एक बाई गोड आवाजात पान वाचायची आणि वाचेल तो शब्द पिवळा व्हायचा. 'डोंगराचा दात' या गोष्टीत डोंगरावर टिचकी मारली की डोंगर कण्हायचा. झाडावर मारली की झाडातून पाखरं उडायची. शेवटी पाच प्रश्न. बरोबर चित्र दाबलं की चांदणी मिळायची.

पहिल्या दिवशी मुलं पडद्याला नाक लावून बसली. डोंगर कण्हला तेव्हा काळ्या उडी मारून मागे पडला आणि सगळा वर्ग हसला. मीही हसले.

जाताना भावेशने मला एक बटण दाखवलं. पानाच्या कोपऱ्यात कानाचं चित्र होतं, त्यावर आडवी रेघ.

"बाई, हे सगळ्यात महत्त्वाचं. दोनदा ऐकून झालं की आवाज बंद करायचा आणि मुलांकडून वाचून घ्यायचं. नाहीतर ती नुसती ऐकत बसतील."

"हो हो," मी म्हटलं.

पहिल्या आठवड्यात मी ते बटण दाबलं. मुलांनी एका सुरात "बाई, नको!" केलं. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा दाबून पाहिलं. त्यानंतर नाही दाबलं.

यात मुलांचा दोष नव्हता आणि भावेशचाही नव्हता. मी तेव्हा मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत होते. घरी दोन लहान मुलं, सासूबाई आजारी, अभ्यासाला वेळ म्हणून नव्हता. आणि अचानक रोजचा एक तास माझ्या पदरात पडला. मुलं संगणकापुढे शांत बसायची. एवढी शांत की गुरुजी दारातून डोकावून म्हणायचे, "बाई, वर्ग आहे की देऊळ?" मी मागच्या बाकावर माझी पुस्तकं उघडायचे. वर्गातली एकटी वाचणारी मीच असायचे. पत्र्याची पेटी भिंतीकडे सरकली आणि तिच्यावर संगणकाचं खोकं ठेवलं गेलं.

सुनीता त्या वर्गातली सगळ्यात चलाख मुलगी. आईबाप दिवाळी झाली की जगायला जायचे, म्हणजे भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर. पाड्यातली निम्मी घरं अशीच बंद व्हायची. सुनीता मागे राहायची, आजा पांड्या आणि आजी रुपी यांच्याजवळ. पांड्याबाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. त्यांना उजेड-अंधार कळायचा, माणूस कळायचा नाही. सुनीताच्या खांद्यावर हात ठेवून ते शाळेच्या ओट्यावर येऊन बसायचे आणि आतला संगणकाचा आवाज ऐकायचे.

आठही गोष्टींत सुनीताला सगळ्या चांदण्या. शनिवारी ती पाड्यातल्या बायकांना गोष्टी सांगायची, तोच गोड आवाज, तेच थांबणं, तोच शब्दांवरचा जोर. रुपीआजी मला म्हणायची, "आमची सुनी वाचते बाय, पानी वाहते तशी." मला बरं वाटायचं.

२००५ च्या डिसेंबरात संस्थेचे पाहुणे आले, सोबत पंचायत समितीचे दोन साहेब. भावेश त्यांना सगळं दाखवणार होता. सारवण, रांगोळी झाली आणि पाहुणे टेकतात न टेकतात तोच वीज गेली. भावेशचा चेहरा उतरला. पाहुण्यांतल्या एक बाई समजूतदार होत्या. त्या म्हणाल्या, "असू दे. या गोष्टींची छापील पुस्तकं पण आपण दिली आहेत ना? त्यातूनच कुणीतरी वाचून दाखवा."

मी खोकं बाजूला करून पेटी उघडली. 'डोंगराचा दात' वरच होतं, कोरं करकरीत. सुनीताला उभं केलं.

तिने वाचलं, आणि काय वाचलं! एक शब्द अडला नाही. कण्हणारा डोंगर आला तिथे ती कण्हली सुद्धा. पाहुण्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेब मान डोलावत होते, भावेश फोटो काढत होता. मी सुनीताच्या मागेच उभी होते. पुस्तकाची दोन पानं दमटपणाने चिकटली होती. तिने ती दोन्ही एकदम उलटली. आता तिच्यापुढे नदीचं पान होतं, आणि ती वाचत होती चिकटलेल्या पानातला मुंगीचा मजकूर. शब्दन् शब्द बरोबर. बोटही ओळीवरून फिरत होतं, पण त्या ओळीत मुंगी नव्हतीच.

तिने क्षणभर मान वळवली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बोलत राहिली.

टाळ्या वाजल्या. पाहुण्या बाईंनी तिला जवळ घेतलं. साहेबांनी मला विचारलं, "किती मुलं वाचतात अशी?"

तेव्हा मी खरं सांगू शकले असते. निदान "बघावं लागेल" एवढं तरी.

"सगळीच वाचतात, साहेब," मी म्हटलं.

नंतर मी स्वतःला समजावलं. आता लगेच नाही, सुट्टीनंतर हिला वेगळं बसवू. मग माझी परीक्षा आली. मग मार्चची माहिती भरायची आली. चौथीचे निकाल लावताना वाचनाच्या रकान्यात मी सुनीतापुढे 'उत्तम' लिहिलं. जूनमध्ये मला हवी होती ती बदली मिळाली, जव्हारपासून दहा मिनिटांवरची शाळा. ऑर्डर हातात देताना साहेब म्हणाले, "त्या पाड्यावर तुम्ही चांगलं काम केलंत. आमच्या लक्षात आहे." मी त्यांना पेढा दिला.

ऑगस्टात जव्हारच्या बाजारात पुष्पलता भेटली. आम्ही डी.एड.ला एकत्र होतो, आता ती एका आश्रमशाळेत पाचवीला होती. भाजी घेता घेता म्हणाली, "अगं, तुझ्या शाळेची ती सुनीता माझ्याकडे आली होती. दाखल्यावर सगळं उत्तम-उत्तम."

"आली होती म्हणजे?"

"पळून गेली. पहिल्याच आठवड्यात मी तिला धडा वाचायला उभं केलं. गप्प. मला वाटलं लाजते. रोज उभं केलं. आठव्या दिवशी पोरं हसली आणि दुसऱ्या दिवशी ती नव्हती. चालत गेली म्हणे घरी." पुष्पलताने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "उज्ज्वला, तिला जोडाक्षर तर सोड, काना-मात्रा ओळखता येत नाही. चार वर्षं काय केलं गं तिने?"

मी वांगी निवडत राहिले. "जायला हवं एकदा," एवढंच म्हटलं.

रविवारी गेले. पाड्यावर नाचणीची बेणणी चालू होती. सुनीता उतारावरच्या वावरात वाकून गवत उपटत होती. मला पाहून उभी राहिली, हात फ्रॉकला पुसले.

"शाळा का सोडलीस?"

मी बांधावर बसले. तीही शेजारी टेकली आणि म्हणाली, "बाई, तेथलं पुस्तक बोलत नाय."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुमाला माहीत व्हतं." तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "पानं चिकटली तवा तुमी बघत व्हतात. तुमी काय बोललात नाय. मना वाटलां, असंच वाचायचां असतंय."

त्या मुलीला खोटं बोलायचं नव्हतंच. मी गप्प राहिले म्हणून तिने ते खरं धरलं होतं.

तिच्यामागोमाग मी घरी गेले. रुपीआजीने काळा चहा केला. पांड्याबाबा दाराशी बसले होते, माझा आवाज ऐकून त्यांनी हात जोडले. बोलता बोलता मी विचारलं, "बाबांच्या डोळ्यांचं काय झालं? ती जीप आली होती ना तपासायला?"

आदल्या नोव्हेंबरात दुसऱ्याच एका संस्थेची जीप आली होती. आमच्याच शाळेच्या ओट्यावर त्यांनी म्हाताऱ्यांचे डोळे तपासले होते, नावं लिहून घेतली होती आणि ऑपरेशनची तारीख पत्राने कळवू म्हणाले होते.

"आलां ना त्यांचां कार्ड," रुपीआजी म्हणाली. "सुनीनं वाचलां. ते म्हणतात, औंदा गर्दी हाय, फुडच्या वरसाला या." तिने कुडाच्या फटीतून पोस्टकार्ड काढलं आणि कौतुकाने माझ्या हातात दिलं. "आमी तुमाला दावणार व्हतो. पन म्हटलां, घरात वाचनारी हाय, बाईंना तरास कशाला."

कार्डावर निळ्या शाईत चार ओळी होत्या. पांड्याबाबांचं नाव. शनिवार, २१ जानेवारी, सकाळी आठ वाजता, मोखाडा. जेवण-राहणं मोफत, सोबत एक माणूस आणावा. गर्दीबद्दल एक अक्षर नव्हतं.

सुनीता चुलीशी बसली होती. तिने गुडघ्यांत मान घातली.

"बरोबर वाचलां ना तिनं?" रुपीआजीने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

दुसऱ्यांदा. पोरीची अब्रू राखली असं मी मोखाड्यापर्यंत स्वतःला सांगत होते. एसटीत बसले तेव्हा लक्षात आलं, माझीही राखली होती. 'सगळीच वाचतात' हे मी साहेबांना सांगितलं आणि महिनाभराने ते कार्ड पाड्यावर आलं. तेव्हाच मी तोंड उघडलं असतं तर निदान कार्ड माझ्याकडे आलं असतं. मी तर रोज तिथेच होते, त्यांच्या घरापासून दोनशे पावलांवर.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "आता सांगून काय उपयोग? त्या म्हाताऱ्याला उगाच दुःख." त्याचं चुकीचं नव्हतं. पण आठवडाभर वर्गात उभं राहून 'खरे बोलावे' शिकवताना माझी जीभ अडखळत होती.

पांड्याबाबा घराच्या ओट्यावर एकटेच होते. रुपीआजी आणि सुनीता रानभाजी आणायला गेल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. कार्ड, तारीख, ती चिकटलेली पानं, साहेबांना दिलेलं उत्तर, गेल्या रविवारचं 'हो'. त्यांचे पांढुरके डोळे माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी लागले होते.

"मना ठावं हाय," ते म्हणाले.

"काय?"

"तारखेचां. व्हळापल्याडचा देवजी गेलता ना. डोळ्याला पट्टी बांधून आला न् माझ्याकडं येऊन म्हनतो, पांड्या, तुझां नाव पुकारलां, तू कठं व्हता? तवाच कळलां, पोरीला वाचता नाय आलां."

"मग बोलला का नाहीत? शाळेत येऊन मला सांगायचं होतं."

"सुनी साळंत जायची व्हती, पाचवीला." ते म्हणाले. "तिला वाचता येत नाय म्हटल्यावर कोन घेनार? म्हटलां, तेथं जाईल, शिकंल. डोळं काय, फुडच्या वरसाला."

मी पदर तोंडाला लावला. आम्ही दोघंही गप्प राहिलो होतो. ते तिच्यासाठी, अंधारात बसून. आणि मी एका तासासाठी आणि बदलीसाठी.

"तुमी रडू नका, बाय," ते म्हणाले. "तुमी लांबून येत व्हतात."

त्यांनी रागावायला हवं होतं. ते रागावले असते तर मला घरी जाणं सोपं गेलं असतं.

मी एकच मागितलं. "बाबा, तुम्हाला माहीत आहे हे सुनीताला सांगा. नाहीतर ती हे ओझं जन्मभर वाहील." त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. रुपीआजीने पुढच्या खेपेला मला सांगितलं की पोरगी दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी आज्याच्या ताटातली भाकर ओढून खाल्ली. आजीने मला मात्र त्या दिवशी चहा दिला नाही. पाणी दिलं.

तेव्हापासून दर रविवारी मी जात राहिले. सुनीताला मी अक्षरांपासून शिकवलं. ती नाखुशीने बसायची. जो मजकूर तिला पाठ नाही असाच मी न्यायचे: बियाण्याच्या पिशव्या, एसटीची जुनी तिकिटं, औषधांची कागदं. ती घामाघूम व्हायची, बोट ठेवून एकेक अक्षर जोडायची आणि तिचा तो पाण्यासारखा आवाज आता दगडाधोंड्यांतून ठेचकाळत यायचा. एकदा चिडून म्हणाली, "आदी किती छान वाचायची मी!" मी पुढची पिशवी तिच्यापुढे ठेवली.

जानेवारीत पुन्हा डोळ्यांचं शिबिर झालं. पांड्याबाबांना मी स्वतः घेऊन गेले. डॉक्टरांनी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. डावा तपासून म्हणाले, "हा फार पिकला. आत दाब वाढून नस गेली. गेल्या वर्षी का नाही आणलंत?"

"माझ्यामुळे," मी म्हटलं. त्यांना वाटलं मी बाबांची सून असेन. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

पट्टी सुटली तेव्हा बाबांनी एका डोळ्याने सुनीताला पाहिलं आणि म्हणाले, "एवढी उंच झाली?"

जूनमध्ये सुनीता पुन्हा आश्रमशाळेत गेली. पुष्पलताने तिला पाचवीतच घेतलं, पण शेजारी बसवून रोज अर्धा तास स्वतः वाचून घ्यायची. सुनीता आठवीपर्यंत शिकली. चांगलं, बिनचूक वाचायची. पण गोष्टीचं पुस्तक तिने आपणहून हातात घेतलेलं मी कधी पाहिलं नाही.

भावेशलाही मी पत्र लिहिलं होतं, काहीही न लपवता. तो धावत आला. माझ्यावर संतापेल असं वाटलं होतं. त्याने एवढंच विचारलं, "बाई, मी सांगितलं होतं ना त्या बटणाचं?" आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसला. तालुक्यातल्या आणखी नऊ शाळांत त्याने तेच संच दिले होते. तिथे कोण ते बटण दाबतं हे त्यालाही माहीत नव्हतं. साहेबांनाही मी लेखी कळवलं. त्यांनी अर्ज वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "झालं गेलं. आता कशाला?" मी तो टपालाने पुन्हा पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही.

सुनीताचं तरी मला कळलं. पण त्या वर्गात अकरा मुलं होती. हजेरीवरून मी बाकीच्या दहा जणांची नावं एका कागदावर उतरवली आणि सुनीता आश्रमशाळेत गेल्यावर दोन वर्षं रविवारचे रविवार शोधत राहिले. चौघं आईबापांबरोबर भट्टीवर गेली होती, ती सापडली नाहीत. एकीचं लग्न ठरलं होतं. चार जण शाळेत होते, त्यातल्या तिघांना वाचता येत नव्हतं.

काळ्या पाचवीला गेलाच नव्हता. त्याचं घर पाड्याच्या टोकाला. मला लांबून येताना पाहून तो मागच्या दाराने पळाला आणि गुरांच्या गोठ्यात लपला. त्याची आई ओशाळून हाका मारत होती. "राहू दे," मी म्हटलं. हातातलं पुस्तक पिशवीत घातलं आणि तिच्याबरोबर चवळीच्या शेंगा सोलायला बसले. पाऊण टोपली झाली तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला. ओठांवर मिशीची रेघ फुटत होती.

"पुढच्या रविवारी येऊ का रे?" मी विचारलं.

तो आईकडे बघत राहिला. मग खाली बसला, टोपलीतून मूठभर शेंगा ओढून घेतल्या आणि म्हणाला, "सकाळचा या. दुपारी मी गुरां घेऊन जातां."